दोन डावे पंख

आमच्या घरी मॉडेल विमान यादीनुसार बनतं. यादी माझी, जागा फ्रिजचं दार. नवरा मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात दिवसभर याद्याच तपासतो, त्यामुळे घरातली यादी त्याच्या डोळ्यांत खुपते. या विमानाच्या वेळी त्याने पैजच लावली.

"एक जरी चूक निघाली, तर यादी फ्रिजवरून कायमची खाली. बोल!"

"बिल्कुल," मी म्हणाले.

नकाशात चित्र फक्त डाव्या पंखाचं असतं. उजव्यासाठी त्याच कागदाला तेल लावायचं, म्हणजे रेघा आरपार दिसतात, आणि कागद उलटा करून त्यावर बाल्सा लाकडाच्या पट्ट्या जुळवायच्या. डावा झाला. तेल लावलं, खूण केली. दुसऱ्या दिवशी पुढचं काम: कागद उलटा करणे. केला, खूण केली. पट्ट्या चिकटवल्या आणि पॉलिश पेपरने घासत बसले. पुढची कड गोल, मागची पातळ. बाल्सा इतका मऊ की अंगठा जरा दाबला तरी खळगा पडतो. जेवणाचं टेबल, माझ्या भुवया, सगळं पांढरं झालं.

मग दोन्ही पंख शेजारी ठेवले. दोन्ही डावे.

संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या तेलकट कागदाला हात लावला होतास का रे?"

"हो यार, मीच उलटून ठेवला. म्हटलं, तुझं एक काम कमी," मोबाइलमधून मान न काढता तो म्हणाला.

म्हणजे मी तो परत सुलटा केला होता. त्यावरची अक्षरं सरळ दिसत होती, पण ती बघा असं यादीत कुठे होतं?

पुढचे दोन दिवस तो कंपनीच्या बसमध्ये चढला की मी टेबलाशी. उजवा पंख तयार झाला. जादा डावा माळ्यावर, रजयांच्या मागे.

रविवारी विमान झकास उडालं. उतरवताना मात्र रिमोट हाती घेतलेल्या नवऱ्याने ते थेट कीकरच्या झाडात घातलं. डाव्या पंखाचे दोन तुकडे. आम्ही घरी परतलो. तो गाडी लावत होता तेवढ्यात मी वर आले, पेन घेतलं, मग माळ्यावर चढले.

"हा कुठून आला?" टेबलावरचा पंख बघून त्याने विचारलं.

"यादीत आहे की."

तो फ्रिजपाशी गेला. "तेवीस. जादा डावा पंख. अच्छा! आणि डावाच का? उजवा का नाही?"

"उतरवताना तू नेहमी डावीकडे झुकवतोस."

यादी अजून फ्रिजवर आहे. त्यात चोविसावं काम वाढलंय: कागदावरची अक्षरं उलटी आहेत का, ते बघणे.