स्कार्फआडून बघितलेली फायनल

मुलीला न सांगता तिचीच मॅच बघायला जायचं असं ठरलं आणि आमच्या घरात दोन दिवस कुजबुज सुरू झाली. मुलगी पुण्यात, आम्ही नागपुरात, आवाज चढवला असता तरी काही बिघडलं नसतं. पण चोरी करायची म्हटल्यावर आवाज आपोआप खाली जातो.

श्रावस्ती पुण्यातल्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये खेळते. यंदा सुरुवातीच्या दोन्ही मॅच त्या हरल्या. तेव्हा ती राखीव होती, बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. मग एका मुलीचा घोटा मुरगळला, कोचनी श्रावस्तीला आत घेतलं आणि तेव्हापासून टीम हरलेली नाही. आता सेमीफायनल आणि जमलं तर फायनल. त्यानंतर परीक्षा, मग नोकरी, खेळ बंद. म्हणजे तिला खेळताना बघायची माझी ही शेवटची संधी होती.

अडचण माझ्या चेहऱ्याची होती. अकरावीपासून मला तिच्या मॅचला यायची बंदी आहे. "आई, तू समोर बसलेली दिसलीस की वाटतं घरातलं कुणीतरी ॲडमिट आहे," असं तिचं म्हणणं. मी ओरडत नाही, सूचना देत नाही, हूं की चूं करत नाही. पण चेहरा तसा होतो, त्याला मी काय करू? आणि फ्री थ्रोच्या वेळी तिची नजर हमखास प्रेक्षकांत जाते. फ्री थ्रो म्हणजे समोर कुणी आडवं येत नाही, रेषेवर एकटीनं उभं राहायचं आणि चेंडू बास्केटमध्ये टाकायचा. सोपं वाटतं. मी असले की तिचे फ्री थ्रो जात नाहीत, असं तिचं पक्कं मत होतं. मी नसताना किती जातात हे मला कळायला मार्ग नव्हता, कारण तेव्हा मी नसायचे.

"पोट्टीनं पाहिलं ना, तं मला फोन नको करू," तिचे बाबा म्हणाले. "मी सांगीन, मला काहीच माहीत नव्हतं." हे म्हणत असताना माझ्या डब्यात पोळ्या तेच भरत होते.

नागपूरहून जाणार असाल तर संध्याकाळची गाडी धरा, सकाळी पुणे येतं. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांशी हुज्जत घालू नका. मेट्रोनं निघा, सिव्हिल कोर्टला गाडी बदला आणि मंडईला उतरा. तिथून सदाशिव पेठ चालत गाठता येते, तेही चहा घेत घेत. मी एका साध्या, स्वच्छ लॉजमध्ये उतरले. मॅनेजर काका रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाले, "किती दिवस?"

"आज मुली जिंकल्या तर उद्यापर्यंत. हरल्या तर आजच निघेन."

"तुमच्या मुली ठरवतील ते ठरवोत," काका म्हणाले, "आमचा चेकआउट दुपारी बाराचाच असतो."

खाली गल्लीत मिसळीचं एक छोटं दुकान होतं. जानेवारीची थंडी, पुढ्यात गरम रस्सा, मी पहिला घास घेतला आणि दारातून गडद निळे ट्रॅकसूट आत शिरले. एक, दोन, चार, अख्खी टीम. मी बसल्या जागी भिंतीकडे वळले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमधला महिना फार बारकाईनं वाचायला लागले. त्या माझ्या पाठीशीच बसल्या. श्रावस्तीचा आवाज मी झोपेतही ओळखीन.

"खा गं काहीतरी," कुणीतरी तिला म्हणालं. ती त्यांची कॅप्टन गार्गी होती, हे नंतर मैदानावर कळलं.

"नको, मॅचनंतर खाईन."

"फ्री थ्रो मिळाले तर तूच टाकायचेत. टाकशील ना?"

"टाकीन की. इथं माझं कोण बसलंय बघायला?"

सगळ्या हसल्या. माझी मिसळ तशीच राहिली. सरळ नागपूरची गाडी धरावी असं मला मनापासून वाटलं. पण इतक्या लांब येऊन कॅलेंडर बघून परत जायचं म्हणजे काय! त्या गेल्यावर मी बुधवार पेठेत तुळशीबाग गाठली.

पुण्याच्या मुली स्कूटरवर डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळतात. फक्त डोळे दिसतात आणि त्यावर गॉगल लावला की जन्मदात्रीलाही पोरगी ओळखू यायची नाही. मी ठरवलं, हेच उलट्या बाजूनं करायचं. दुकानातल्या मुलीनं दीडशे सांगितले, शंभरला दिला आणि बांधूनही दाखवला. "गाडी कुठंय काकू?" तिनं विचारलं. "गाडी नाही, मुलगी आहे," मी म्हटलं. तिनं स्कार्फला एक पिनही लावून दिली.

मैदान उघडं होतं. निळा रंग दिलेलं गुळगुळीत सिमेंटचं कोर्ट आणि एका बाजूला बसायला पायऱ्या. डावीकडच्या पायऱ्यांवर श्रावस्तीच्या होस्टेलच्या मुली दिसल्या. त्यांतल्या तिघी गेल्या दिवाळीत आमच्याकडे चार दिवस राहून गेल्या होत्या. त्यामुळे मी मुकाट्यानं उजवीकडे गेले आणि प्रतिस्पर्धी कॉलेजच्या पालकांत बसले. सेमीफायनल त्यांनी जिंकली. त्यांनी म्हणजे आमच्यांनी. श्रावस्तीला दोन फ्री थ्रो मिळाले. तिनं पायऱ्यांवरून एकदा नजर फिरवली, माझ्या स्कार्फवरूनही फिरवली आणि दोन्ही टाकले. अलगद गेले, बास्केटच्या कडेला शिवलेसुद्धा नाहीत.

मला आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलं. म्हणजे ती म्हणत होती ते खरं होतं तर. मी नसले की जातात.

रविवारचा दिवस जाता जात नव्हता. मी कसबा पेठेत भटकले. एका गल्लीत तांब्याची भांडी ठोकण्याचं काम चालतं, ते जरूर बघा. मी एका कारागिरासमोर बराच वेळ उभी होते. शेवटी त्यांनी हातोडी खाली ठेवली. "ताई, घ्यायचंय का काही?" मी एक लहानसा तांब्या घेतला. मला तांब्या नको होता, वेळ जायला हवा होता.

फायनल संध्याकाळी होती. पण आधी मुलांची फायनल ठेवली होती आणि ती बरोबरीत सुटून पुढं वाढत गेली. मुली ट्रॅकसूट घालून कडेला उड्या मारत अंग गरम ठेवत होत्या. मुलांची मॅच नंतर ठेवली असती तर कुणाचं काही बिघडलं असतं का, हे मला आयोजकांना विचारायचं होतं. पण मी वेशांतरात होते. मुलींची मॅच सुरू झाली तेव्हा पूर्ण अंधार पडला होता, दिवे लागले होते आणि हवेत चांगलाच गारठा होता.

आजही मी उजवीकडेच बसले होते आणि माझ्या शेजारी विद्याताई नावाच्या बाई होत्या. त्यांची मुलगी समोरच्या टीममध्ये सात नंबरची जर्सी घालून खेळत होती आणि श्रावस्तीला अडवायचं काम नेमकं तिच्याकडेच होतं.

"तुमची कोण?" विद्याताईंनी विचारलं.

"भाची," मी म्हटलं. "राखीव आहे."

"राखीव आहे, मग चेहरा कशाला झाकलाय? तुम्हाला बघून खेळायला लागेल की काय?"

मी हसल्यासारखं केलं. स्कार्फमध्ये ते दिसलं नसणार. त्यांनी मला बाकरवडी देऊ केली आणि ती खायची म्हणजे स्कार्फ वर करायचा, म्हणून मी उपास आहे असं सांगितलं. आमच्या सात पिढ्यांत कुणी रविवारचा उपास केला नसेल. वर त्यांच्या मुलीनं बास्केट केली की मला टाळ्या वाजवाव्या लागत. आपल्याच पोरीविरुद्ध टाळ्या वाजवायच्या आणि त्याही मनापासून वाटायला हव्यात! श्रावस्तीनं बास्केट केली की मी मुठी पर्सखाली आवळून धरायचे.

मॅच अशी चालली होती की कुणी पुढं जातच नव्हतं. चार गुणांनी आम्ही पुढं, की लगेच त्या. शेवटचा भाग सुरू झाला आणि मुली घसरायला लागल्या. आधी गार्गी घसरली. मग श्रावस्ती घसरली, गुडघ्यावर आपटली आणि उठून पळाली. मी अर्धी उभी राहिले होते.

"बसा हो," विद्याताई म्हणाल्या. "पडली ती राखीव नाहीये."

शेवटचे काही सेकंद उरले होते आणि आम्ही एका गुणानं मागं होतो. श्रावस्ती चेंडू घेऊन आत घुसली. तिला अडवायला सात नंबर आली, पण तिचा पाय सटकला आणि ती सगळी श्रावस्तीच्या अंगावर गेली. दोघी खाली. शिट्टी. फाउल, दोन फ्री थ्रो. एक गेला तर बरोबरी, दोन गेले तर अजिंक्यपद.

पण पंचांनी वाकून फरशीवरून हात फिरवला आणि तो वर करून दाखवला. हात ओला होता. दव पडलं होतं. गुळगुळीत रंगावर ते दिसत नव्हतं, पण सगळं कोर्ट ओलसर झालं होतं. आयोजकांकडे दोनच पुसणी होती. माइकवरून आवाज आला, "प्रेक्षकांना विनंती आहे, ज्यांच्याकडे टॉवेल, पंचा, जुने पेपर असतील त्यांनी कृपया खाली येऊन मदत करावी."

डावीकडून होस्टेलच्या मुली धावल्या. उजवीकडे कुणी हलेना. मागून एक तरुण म्हणाला, "राहू दे की ओलं. घसरली तर घसरली."

विद्याताईंनी वळून पाहिलं. "आपली पोरगी काय हवेत खेळतेय का रे?" त्यांनी अंगावरची शाल काढली. "चला हो. भाचीसाठी नाही तर माझ्या मुलीसाठी."

मी पाऊलभर मागं सरले. माझ्याकडे पुसायला एकच गोष्ट होती आणि ती माझ्या तोंडाला गुंडाळलेली होती. खाली गेले तर श्रावस्ती मला बघणार आणि मग त्या रेषेवर उभी राहणार. नाही गेले तर तिचा पाय त्याच ओल्या फरशीवर पडणार. आपटलेला गुडघा ती अजून चोळत होती. मी पिन काढली, स्कार्फ सोडला आणि खाली उतरले.

मान खाली घालून मी फ्री थ्रोची रेषा पुसायला घेतली. तिथंच ती उभी राहणार होती. मन लावून पुसलं, सणाला घर पुसते तसं. मग माझ्यासमोर दोन बूट येऊन थांबले. एकाची नाडी निळी, एकाची पांढरी. तुटलेली नाडी मीच दिवाळीत बदलून दिली होती.

"आई?"

मी वर बघितलं.

तीन वर्षांत पोरगी पुण्यासारखी बोलायला लागली आहे. फोनवर मला "अगं तू काय करतेयस" असं विचारते. आत्ता मात्र तिच्या तोंडून निघालं, "तू इथं काय करून राहिली?"

"पुसून राहिली," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

तिचे केस घामानं कपाळाला चिकटलेले, गुडघा लाल झालेला. मला रडू येत होतं आणि ते चेहऱ्यावर दिसत असणार, या विचारानं आणखी येत होतं.

"मी बाहेर जाऊन थांबते," मी म्हटलं. "गेटच्या बाहेर. खरंच."

"काकू, झालं का?" पंच म्हणाले. "बाजूला व्हा."

"आता कुठं जाते," श्रावस्ती म्हणाली. "उभी राहा तिथं."

मी कोर्टाच्या कडेला उभी राहिले, हातात ओला स्कार्फ, तोंड उघडं. हसून बघितलं, तर गाल थरथरायला लागले. मग हसणं सोडून दिलं. जसा होता तसा राहू दिला चेहरा. शेजारी विद्याताई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, श्रावस्तीकडे बघितलं आणि त्यांना जे कळायचं ते कळलं.

पहिला फ्री थ्रो. मी माझ्या पायांकडे बघत होते, त्यामुळे मला फक्त जाळीचा आवाज आला. गेला. बरोबरी. डावीकडच्या पायऱ्या उसळल्या.

दुसरा मी बघितला. चेंडू कडेवर आदळला, वर उडाला आणि बाहेर आला. माझ्या तोंडून पहिल्यांदाच आवाज निघाला, कसला ते मला माहीत नाही. सगळे हात वर गेले, त्यांतला गार्गीचा हात सगळ्यांच्या वर होता. तिनं चेंडू धरला आणि तिथल्या तिथे परत टाकला. गेला. शिट्टी वाजली. दोन मॅच हरून सुरू झालेलं वर्ष असं संपलं आणि निळ्या जर्सीचा एक ढीग कोर्टावर पडला. त्याच्या सगळ्यात खाली माझी मुलगी होती.

विद्याताई आपल्या मुलीला जवळ घ्यायला निघाल्या. जाता जाता थांबल्या. "राखीव भाची छान खेळली हो तुमची," म्हणाल्या आणि बाकरवडीचा पुडा माझ्या हातात कोंबला. "उपास सुटला असेल आता."

त्या रात्री टीमबरोबर मी पावभाजी खाल्ली. श्रावस्ती माझ्या शेजारीच बसली, पण मॅचबद्दल आम्ही दोघी काही बोललो नाही. विचारायला माझी जीभ रेटेना. सोमवारच्या गाडीनं मी परत आले. स्कार्फ धुतला, तरी मैदानाचा निळा रंग त्यातून पुरता गेला नाही. बाकी या प्रवासातलं काय लक्षात राहिलं म्हणाल, तर तो चुकलेला चेंडू. गार्गी नसती तर? माझ्यामुळे पोरीचं वर्ष गेलं असतं, असं मला भाजी चिरतानाही वाटायचं. ती जिंकली होती आणि मीच हरल्यासारखी घरात वावरत होते.

परीक्षा संपवून ती घरी आली. एका दुपारी आंबा खात बसली होती, तेव्हा मी विचारून टाकलंच. "तो दुसरा फ्री थ्रो माझ्यामुळे चुकला ना गं? माझ्याकडे बघितलंस म्हणून?"

"दुसरा?" तिनं कोय तोंडातून काढली. "दुसऱ्याला कुठं बघितलं मी तुझ्याकडे? पहिल्याला बघितलं होतं."