भिंतीतून येऊ नका

आम्हाला प्लॉट दाखवणाऱ्या त्या माणसाला उजाड शेतात घर दिसतं. नागपूरबाहेर, मिहान प्रकल्पाच्या पलीकडे जमिनीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात. तिथं उभा राहून तो माझ्या बायकोला सांगतो, "वहिनी, हे तुमचं किचन. खिडकी पूर्वेले." सांगता सांगता हवेतली खिडकी उघडतोसुद्धा. स्वतः कधी रेघेवर पाय देत नाही. प्रत्येक खोलीत दारातूनच शिरतो.

शहराच्या वाडी भागातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार झाला. स्वतःचं घर का नाही, असं कुणी विचारलं की मी सरकारवर ढकलायचो. म्हणायचो, लेआउटच मंजूर होत नाहीत. आता ते धडाधड मंजूर होतात, तर मी विचार करत बसतो. माझा विचार होईस्तोवर प्लॉट विकला जातो आणि पुढच्या रविवारी तो आम्हाला आणखी लांबचं शेत दाखवतो.

"सरकार फास्ट झालं भाऊ," तो म्हणतो, "आता फाइल तुमच्यापाशीच अटकून राहिली."

परवा त्यानं थर्मासमधला चहा बायकोला 'किचन'मध्येच दिला. मीही चहासाठी रेघ ओलांडायला निघालो, तसा तो ओरडला, "भिंतीतून काहून येऊन राहिले भाऊ? दार तिकडे आहे ना!"

मी निमूट वळसा घातला आणि दाराशी, सवयीनं, चपला काढल्या. तुरीचं धसकट तळपायाला टोचलं.

बायकोनं आधी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"भाऊ, हाच पक्का करा," ती म्हणाली. "हे एकदाचे घरात आले."