पन्हळीतला पाला

शिडीवर उभी असलेली आई, कौलांच्या कडेला लावलेल्या पत्र्याच्या पन्हळीत कोपरापर्यंत गेलेला तिचा हात, साडीवर चढवलेला वडलांचा जुना फुलशर्ट, आणि जांभळाची फांदी इतकी खाली वाकलेली की तिची पानं आईच्या केसांत अडकावीत... चैत्र म्हटला की मला पालवी आठवत नाही, हे आठवतं. पन्हळीत वर कोरडी, कुरकुरणारी पानं असत, जांभळाची, आंब्याची, ऐनाची. आणि खाली गेल्या पावसाळ्यातला कुजून काळा पडलेला गाळ, त्यात जांभळाच्या बियांना फुटलेले कोंब, एखादं पाखराचं पीस. आई आधी कोरडी पानं मुठीमुठीनं उपसून खाली अंथरलेल्या लुगड्यावर टाकायची, मग करवंटीनं गाळ खरवडून पाटीत भरायची. त्या गाळाला एक वास असतो. ओल्या मातीचा म्हणावा तर तसा नाही, उकिरड्याचा म्हणावा तर तसाही नाही; गोडसर, कुबट, जुन्या पावसाचा. राखेनं घासूनही तो आईच्या हातांना राहायचा, आणि तिनं भाकरी पुढे केली की मी क्षणभर श्वास रोखून धरायची.

आमचं गाव भाज्याजवळचं, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे पाऊस आला की मुक्कामालाच येतो. भिंतींना बुरशी धरते, कपाटातली पुस्तकं फुगतात, वाळत घातलेले कपडे ओलेच घडी करून ठेवावे लागतात. अशा मुलखात कौलारू घराची पन्हळ पावसाआधी साफ केली नाही तर पाणी तुंबून भिंतीत उतरतं आणि वासे आतून कुजत जातात. लोणावळ्यापासून आमच्या बाजूपर्यंत जे बंगले झाले, त्यांची ही कामं डोंगरावरच्या वाडीतली माणसं मजुरीनं करत. आमच्यासारख्या जमीनवाल्या घरातल्या सुनेनं दुसऱ्याच्या छपराला शिडी लावणं म्हणजे गावाला वर्षभर पुरेल एवढा विषय! तरी आई चढायची. मजुरी घेत नसे. पाला घेऊन यायची.

हा पाला कशासाठी, ते सांगायला हवं. भाताचं रोप जिथे टाकायचं ती जागा आमच्याकडे आधी भाजून घेतात. शेण पसरायचं, त्यावर वाळला पाला आणि फांद्या, मग गवत, वर मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं विस्तव लावायचा. याला राब म्हणतात. तण जळतं, माती भुसभुशीत होते, रोप काळंभोर वर येतं. त्यासाठी जुन्या लोकांनी भातखाचरांच्या जोडीला डोंगरउताराची वरकस जमीन राखलेली असे. तिच्यात पेरायचं काही नाही, झाडं सांभाळायची आणि राबाला पाला आणायचा, एवढंच तिचं काम. भाऊंनी (वडलांना आम्ही भाऊ म्हणायचो) नेमकी हीच वरकस विकली. ‘तिच्यात पिकतंय काय?’ असं तेव्हा सगळं गावच म्हणत होतं, एजंट रोज कुणाच्या ना कुणाच्या ओसरीवर चहा पीत होते, भाऊ एकटेच शहाणे कुठून निघणार? घरावर स्लॅब पडला, दारात मोटारसायकल आली. पुढच्या चैत्रात राब भाजायची वेळ झाली तेव्हा सगळ्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली. खाचरं होती, बी होतं, आणि त्या बियांचं रोप करणारा डोंगर आम्ही विकून मोकळे झालो होतो. त्या वर्षी न भाजलेल्या मातीत रोप टाकलं; ते पिवळं, विरळ आलं, तणानं गिळलं, आणि लावणीच्या ऐन दिवसांत भाऊंना चुलत्यांच्या बांधावर जाऊन उरलेलं रोप मागावं लागलं. मान खाली घालून उभे असलेले भाऊ मी लांबून पाहिले. त्यांना तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

वरकसवर पुढे बंगला झाला. बांधणाऱ्या बाई पुण्याच्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या. झाडांची फार हौस. एकही झाड न तोडता त्यांनी मधोमध घर बसवलं होतं, त्यामुळे वर्षभराची पानं सरळ पन्हळीत. जागा त्यांनी मध्यस्थाकडून घेतलेली, मूळ मालक कोण हे त्यांच्या कानावरही नव्हतं. आईनं एक दिवस फाटकाशी जाऊन सांगितलं, पन्हळी मी साफ करून देते, पैसे नकोत, पाला तेवढा नेऊ द्या. आपण कोण, हे सांगितलं नाही. बाईंना आनंदच झाला.

आमच्या घरात ‘बंगला’ हा शब्द नव्हता. आई ‘वरकसला’ जायची. भाऊ आम्हा दोघींना मोटारसायकलवरून वळणापर्यंत सोडत आणि बंगल्याचं फाटक दिसायच्या आत गाडी वळवत. येताना डोक्यावर पाल्याची बोचकी घेऊन आम्ही चालत येत असू. समोरून शाळेतल्या मुली आल्या की मी बोचकं पुढे ओढून त्याखाली तोंड लपवायची. माझी लाज एवढ्यापुरती होती. भाऊंची फार खोल होती, ती तेव्हा मला मोजता आली नाही. आणि आई? शिडी चढून फांद्यांत शिरली की तिच्या चेहऱ्यावर लाजेचा मागमूसही नसायचा. आंब्याला यंदा मोहर कमी का, ऐनाला वाळवी कुठून लागली, याची ती स्वतःशीच चौकशी करायची, आणि हाताला येईल त्या फांदीवरून म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवायची. लग्न होऊन आली तेव्हापासून राबाचा पाला ती याच झाडांखाली गोळा करत आली होती. पन्हळ हे तिचं त्या जमिनीवर पुन्हा पाऊल ठेवण्याचं निमित्त होतं, आणि ते टिकवायचं तर गप्प राहायला हवं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एका वर्षी शिडी सरकली, आईचं मनगट मुरगळलं. म्हणून पुढच्या चैत्रात भाऊ पहिल्यांदा फाटकाच्या आत आले. शिडी दोन्ही हातांनी धरून, तोंड भिंतीकडे करून उभे राहिले. बाई स्वतः चहाचा ट्रे घेऊन ओट्यावर आल्या. स्वभावानं मोकळ्या, जांभळाकडे पाहत सहज म्हणाल्या, “एवढी जुनी झाडं कुणीतरी जिवापाड राखली असणार. कुणाची होती हो ही जागा पूर्वी? तुम्हाला माहीत असेल.”

आईनं वरूनच, हात न थांबवता उत्तर दिलं. “असंल गावातल्या कुणाची. आमाला काय ठावं.”

पानं खाली पडत राहिली. भाऊंनी भिंतीकडचं तोंड वळवलं. “माजी व्हती,” ते म्हणाले. “मीच इकली.”

बाईंनी ट्रे ओट्यावर ठेवला. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. मला कल्पनाच नव्हती हो, असं दोनतीनदा म्हणाल्या, आणि मग वर पाहून घाईघाईनं, “आधी तुम्ही खाली या बघू. तुम्ही नका करू हे.” त्यांच्या आवाजात नुसती कळकळ होती. पण आपल्याच जमिनीवरून आईला ‘खाली या’ म्हटलं गेलं होतं. आई उतरली नाही. हातातली पन्हळ कोपऱ्यापर्यंत नीट खरवडली, गाळाची पाटी माझ्याकडे दिली, मगच उतरली. चहा कुणीच प्यायलं नाही.

भाऊंना वाटत असणार, इतक्या वर्षांचं ओझं आज उतरलं. खरं बोलून माणूस हलका होतो म्हणतात... आमच्या घरात त्या दिवशी कुणी हलकं झालं नाही.

पुढच्या चैत्रात आम्ही बोलावण्याची वाट पाहत होतो, तर भर दुपारी दारात टेंपो येऊन उभा राहिला. त्यात फांद्याच फांद्या, जांभळाच्या, आंब्याच्या, पानांसकट वाळलेल्या. बाईंनी पन्हळींवर जाळी बसवून घेतली होती आणि छपरावर झुकलेल्या सगळ्या फांद्या तोडून घेतल्या होत्या, आता पानंच पडणार नाहीत म्हणजे तुम्हाला छपरावर चढायची वेळ येणार नाही, असा निरोपही होता. आळीतले लोक बघायला जमले. एवढा पाला कुणी फुकट धाडतं का, म्हणून भाऊंचं कौतुक करू लागले. आई ओसरीवरून उतरून टेंपोपाशी गेली. एक फांदी उचलून तिनं तिच्या तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला. टेंपो गेल्यावर, लोक पांगल्यावर, ती भाऊंना हळूच म्हणाली, “मी खोटं बोलत व्हते तवर मला तितं जाता येत व्हतं.”

राब त्याच फांद्यांनी भाजला. धूर चांगला दाट, निळसर निघाला, आणि त्या पावसाळ्यात आमचं रोप असं तरारून आलं की जाणारा-येणारा बांधावर थांबून बघे. घरात त्या रोपाचं नाव कुणी काढलं नाही.

आमच्याकडे एक रीत होती. ज्याच्या झाडांचा पाला राबाला फुकट आला, त्याच्या घरी नव्या भाताचे पहिले तांदूळ जायचे. तोवर आपल्या घरात नवं शिजत नाही. पन्हळीचा पाला आई कष्टानं आणायची, तेव्हा हा प्रश्न आला नव्हता. दिवाळीनंतर आंबेमोहोर कांडून आला तेव्हा तिनं स्वच्छ पिशवीत पायली भरली, तोंड शिवलं आणि भाऊंच्या पुढे ठेवली. “तुमी जावा. तुमी बोलला व्हता तितं.”

मोटारसायकलवर मागे बसून ती पिशवी मी मांडीवर धरली होती. तांदळाचा वास कापडातून येत होता. या वेळी भाऊंनी गाडी वळणावर थांबवली नाही, थेट फाटकापर्यंत नेली. फाटकाला नवा रंग होता, आत अनोळखी राखणदार. बाईंनी बंगला विकला होता, गुडघ्यांनी चालवेना म्हणून पुण्याला गेल्या, पत्ता त्याला माहीत नव्हता. मग त्यानं भाऊंना आपादमस्तक न्याहाळून विचारलं, तुम्ही कोण, काम काय?

भाऊ आतल्या जांभळाकडे बघत होते. छपराकडची बाजू बोडकी, दुसरी बाजू हिरवीगार. मला वाटलं आता ते सांगणार, मागच्या वेळी सांगितलं तसंच, मान वर करून. मी पिशवी घट्ट धरली.

“पन्हळी साफ करणारे आमी,” भाऊ म्हणाले.

आता जाळी आहे, गरज नाही, असं सांगून तो फाटक लावू लागला. भाऊंनी माझ्या मांडीवरची पिशवी घेऊन त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “हे घ्या, शिजवा. नवं हाय.” घरी आल्यावर आईनं विचारलं, दिले? भाऊ म्हणाले, दिले. आईनं त्या संध्याकाळी नवा भात लावला, घरभर आंबेमोहोराचा घमघमाट सुटला, आणि भाऊ आणि मी खाली बघून जेवलो.

भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. खाचरं कसायला दिली आहेत, राब कुणी भाजत नाही. आई माझ्याकडे वडगावला असते, फ्लॅटमध्ये. इथल्या छपराला पन्हळ नाही. दिवाळी सरली आणि बाजारात नवा तांदूळ आला की ती तो तळहातावर घेऊन हुंगते, आणि कधीतरी मधूनच विचारते, “त्या बाईंनी खाल्ला असंल का गं आपला भात?”

“खाल्ला की,” मी म्हणते. “निरोप पाठवला होता त्यांनी, फार गोड होता म्हणून.”