तळ्यावरची वाट

पीएचडीच्या दिवसांत मी न्यू जर्सीत बसून अलास्काचे नकाशे बनवत होते. अलास्का डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आणि त्याची लाजही वाटत नव्हती. तिथल्या एका गावाजवळून खाणीसाठी रस्ता जाणार होता. गोठलेली जमीन कुठे खचेल, कॅरिबू म्हणजे तिकडची रानटी हरणं कुठून जातात, माणसं कुठली जमीन वापरतात, असे तीन थर एकावर एक ठेवायचे आणि जिथे काही आड येत नाही तिथून रस्त्याची रेघ ओढायची, हे माझं काम. माझी रेघ एका मोठ्या तळ्याच्या काठाने गेली. तळं म्हणजे पाणी, तिथे ना हरणं ना माणसं. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

२००६च्या एप्रिलमध्ये नकाशा घेऊन त्या गावी गेले. शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. एक म्हातारी बाई पुढे आली. मनात मी तिला आजीच म्हणत होते. तिने त्या निळ्या तळ्यावर बोट ठेवलं.

"आम्ही इथून चालतो. हरणंही इथूनच येतात. काठाला रस्ता झाला तर ती यायची नाहीत. मग आम्ही खायचं काय?"

"पण हे पाणी आहे," मी अगदी अदबीने तिला समजावलं. आजही आठवलं की कान लाल होतात.

ती वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नोमोबीलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवर, मागे बसवून तिने मला एका पांढऱ्याशुभ्र माळावर नेलं. जीपीएस पाहिलं, तर मी तळ्याच्या बरोबर मधोमध उभी! माझे उपग्रहाचे सगळे फोटो ऑगस्टमधले होते, बर्फ नसतं म्हणून निवडलेले. वर्षातले कितीतरी महिने हे तळं गोठून जमीनच झालेलं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात दूरवर एक करडी रेघ हलली. आजीने मला खाली बसवलं. गाभण माद्या पुढे, मागे शेकडो हरणं, एका ओळीत आमच्यासमोरून चालली होती. त्यांच्या पायांचा बारीक कटकट आवाज तेवढा येत होता. थंडी, नकाशा, पीएचडी, मी सगळं विसरले. हात कधी जोडले गेले कळलंच नाही.

गावातूनच लॅबमधल्या नागपूरच्या मित्राला फोन केला.

"अगं, परवा मॅप सबमिट करायचाय यार! आता तळं कसं चेंज करणार?"

"तळं नाही, रस्ता चेंज करणार."

गाईड चिडले, मुदत वाढवून घ्यावी लागली, पण रस्त्याची रेघ डोंगरापलीकडे सरकली. तळ्यावर मी ठिपक्याठिपक्यांची वाट काढली आणि शेजारी लिहिलं, 'मेअखेरपर्यंत'.

पुढच्या वर्षी तो नकाशा आजीला दाखवला. तिने वाटेवरून सावकाश बोट फिरवलं.

"वाट बरोबर आहे. महिना खोड. यंदा मे लागताच बर्फ फुटलं. हरणं काठावर उभी राहिली होती."

मी पेन काढून 'मेअखेर' खोडलं. त्या जागी काय लिहायचं, ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.