सुमनवहिनींबरोबर पाहिलेला सिनेमा

शेजारच्या सुमनवहिनींना विरंगुळा म्हणून मी सिनेमाला नेलं आणि गोष्ट कशाची, हे विचारलंच नाही. हिरो देखणा होता, मला तेवढं पुरे! वहिनींचा मुलगा आपल्याच लोकांत बॉम्ब पेरणाऱ्या टोळीत गेला होता आणि पोलिसांच्या गोळीने मेला होता. पडद्यावर तशाच पोरांना पोलिसांनी टिपलं; एकाचं प्रेत रस्त्यात उघडंच पडून राहिलं. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. त्यात एक माझी, दोन बोटं तोंडात घालून. काय तो अकलेचा उजेड!

आज नात मोबाइलवर तसलाच गोळीबार बघत चिवडा खाते आहे. पडद्यावर मरणारा आपला कुणी नसतो, म्हणून घास उतरतो. त्या दिवशी बाहेर पडताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "त्या पोराचं तोंड कुणी झाकलं नाही गं."