खांद्यावरचा हात

पुण्यात माझं फोटो फ्रेमचं दुकान होतं. शाळा चौथीपर्यंत, पण पट्टी सरळ कापायला चौथी पुरते. घरात कुणी गेलं की लोक लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचे. "यातली आमची आई काढून द्या." मी ब्लेडने आई काढायचो, स्टुडिओवाला ती मोठी करून मागे निळा रंग द्यायचा, मी चौकट करायचो. वरून हार. कितीतरी माणसं मी अशी त्यांच्या माणसांतून कापली. कधी काही वाटलं नाही.

मग माझी बायको गेली. इथेच परदेशात, मुलाच्या मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये. तिचा धड फोटो एकच. समुद्राकाठी सकाळी फिरायला जाणाऱ्या पाच जणी, ही कडेला, तोंडभर हसतेय आणि शेजारणीचा हात हिच्या खांद्यावर. वर्षश्राद्ध जवळ आलं तसा मुलगा मागे लागला, "बाबा, आईचा चेहरा कापून द्या, मोठा करून आणतो." चंदनाचा हारही आणून ठेवला त्याने. मी रोज 'उद्या' म्हणायचो. ब्लेड टेकवलं की मधे तो हात यायचा. हात ठेवून बायको कशी कापणार?

त्याच दिवसांत नातीची मैत्रीण घरी येऊ लागली. नैरोबीहून इथे आर्ट शिकायला आलेली. मी नातीला विचारलं, "ही काळी मुलगी चहा घेते का?" नात डाफरली. मैत्रिणीने अर्थ विचारून घेतला आणि हसली. "ब्लॅकच आहे मी. साखर दोन चमचे."

तिच्याकडे विलायतेतल्या जुन्या कॉलेजांच्या संग्रहांतून मिळवलेले फोटो होते. सगळा वर्ग रांगेत, गोरा, आणि कडेला आफ्रिकेतून शिकायला गेलेला एकच पोरगा. खाली सगळ्यांची नावं, त्याचं नाही. त्याच्या नि शेजारच्याच्या मधे हातभर जागा मोकळी. "माझ्याही वर्गाच्या फोटोत अशी जागा सुटते," असं ती म्हणाली म्हणे. मी इंग्रजीत अडाणी, पण फोटो मला कळतो. प्रदर्शनासाठी तिला चौकटी हव्या होत्या. म्हटलं, आण इकडे.

सहा चौकटी केल्या. बऱ्याच दिवसांनी हाताला काम मिळालं, भूकही लागायला लागली. सहाव्या फोटोत मात्र कडेला दोघं होती. त्या मोकळ्या जागेत जुन्या पद्धतीचा कोट घातलेली एक मुलगी पोराला खेटून उभी. बरं वाटलं. याला तरी कुणी भेटली! घरापासून लांब गेलेली ही माणसं, यांना कुणी हार घातला असेल? ड्रॉवरमधला चंदनाचा हार काढला आणि दोघांना मिळून घातला.

पोरी आल्या. नात इथल्यासारखं शेवटी 'ला' लावत किंचाळली, "आजोबा, काय केलंत ला! ती मुलगी हीच आहे!"

म्हणजे बयेने तसा कोट शिवून, तसे केस बांधून, स्वतःच त्या जागेत उभं राहून फोटो जोडला होता. सांधा मलासुद्धा दिसला नाही, बघा. जिवंत पोरीला हार! मी घाईघाईने तो ओढून काढला, तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "जिवंतपणी हार पडला की आयुष्य वाढतं, सांग तिला," असं ठोकून दिलं. ती हसून हसून फरशीवर बसली.

मग तिने विचारलं, "हार कुणाचा होता?"

सांगावं लागलं. बायकोचा फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि त्या खांद्यावरच्या हातावर बोट ठेवलं. "माझ्या सगळ्या फोटोंत हाच तर नाहीये," नातीने मराठीत करून सांगितलं. "आणि तुम्ही कापताय?"

ब्लेड आत ठेवलं. सातवी चौकट त्याच दुपारी केली, पाचही जणींची.

संध्याकाळी मुलगा आला, भिंतीकडे बघत राहिला. "बाबा, आणि हार?"

"कसा घालू? बाकीच्या चौघी जिवंत आहेत. ती हातवाली तर उद्या सकाळी डोसे घेऊन येणारे. तिला काय तोंड दाखवू?"

तो हसायला लागला. मग मीही. भिंतीवरची तर आधीपासूनच हसत होती.