लपवलेलं दुखणं

कळंब्याचा प्रसेनजीत कोल्हापुरातल्या हॉटेलातली नोकरी सोडून २००१ साली पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर लागला. खोल्या आवरायच्या, चादरी बदलायच्या, मागेल त्याला जेवण खोलीत न्यायचं, असं त्याचं काम.

दुसऱ्या वर्षी जहाजावर उलट्या-जुलाबांची साथ आली. दारांच्या मुठी, जिन्यांचे कठडे तासातासाला औषधाच्या पाण्यानं पुसावे लागत. आजारी पडलेल्या नोकराला वेगळं कोंडत, आणि दोनदा आजारी पडलेल्याला करार संपल्यावर पुन्हा कामावर बोलावत नाहीत अशी कुजबुज होती. प्रसेनजीत आधी एकदा आजारी पडला होता.

एका सकाळी त्याच्या पोटात मुरडा आला. दोनदा संडासला जाऊन आला.

"डॉक्टरकडे जा," खोलीतला गोव्याचा जोडीदार म्हणाला.

"काही नाही, मासे बाधले असतील."

हात धुतले, पण घाईत. मग सत्त्याहत्तर वर्षांच्या एका बाईंना सूप नेऊन दिलं. त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. रोजच्यासारखा त्यानं पाव मोडून दिला.

दुपारी तो चक्कर येऊन पडला आणि त्याला वेगळं ठेवलं. चौथ्या दिवशी बाहेर आला, तेव्हा कळलं, बाई त्याच साथीनं गेल्या.

"तुझ्यामुळंच कशावरून? चाळीस जण आजारी आहेत," जोडीदार म्हणाला. ते खरंही होतं.

बंदरावर उतरताना, बाईंबरोबर प्रवासाला आलेल्या त्यांच्या मुलीनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "आईला तुझा फार आधार होता," म्हणाली, आणि पत्ता लिहून दिला. प्रसेनजीतनं कागद घडी करून खिशात ठेवला.

घरी आल्यावर आठवडाभरानं त्यानं आईला सगळं सांगितलं. शेवंताबाई दवाखान्यात आया होती. तिनं भाकरी थापायची थांबवली.

"तुला ठावं व्हतं, लागण झालीया ते?"

"व्हय. भ्यालतो."

"मग पाव मोडून द्यायचा न्हाय की रं!" तिनं तवा चुलीवरनं खाली उतरवला. "तिच्या लेकीला सांगितलंस?"

"न्हाय."

"लिव्ह तिला."

पत्र लिहायला त्याला तीन आठवडे लागले. उत्तर आलं नाही. जहाजावरून मात्र पुन्हा बोलावणं आलं; तो गेला नाही. स्टेशनजवळच्या लॉजवर चादरी धुवायला लागला.

२००६ साली बहीण प्रीतीच्या लग्नात सगळ्यांनी त्याला वाढायला बोलावलं. तो मांडवामागं गेला आणि पंगती उठेपर्यंत भांडी घासत बसला.